बॅग भरायची ती खालून: प्रो गोल्फरच्या १४ क्लबांचा हिशोब

नवीन गोल्फ शिकणाऱ्याचा महिन्याभरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो, अमका प्रो (व्यावसायिक खेळाडू) कुठला ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, वापरतो? मग तो ड्रायव्हर येतो, त्याच्यामागून तसाच त्याच्या खालोखाल लांब मारणारा ३ वूड येतो, आणि पी हळद अन् हो गोरी म्हणतात तसं पुढच्या रविवारी बॉल पुन्हा उजवीकडच्या झाडीत. चूक ड्रायव्हरची नसते हो. चूक अशी की आपण बॅग वरून भरतो, सगळ्यात लांब जाणाऱ्या क्लबपासून, आणि प्रो मंडळी ती खालून भरतात, म्हणजे पटर (होलजवळ बॉल जमिनीवरून ढकलायचा) आणि वेज (जवळून बॉल उंच उडवायची) यांच्यापासून. तर या लेखात प्रोच्या बॅगेत काय काय असतं ते तर सांगतोच, पण त्याच क्रमाने आपली बॅग कशी लावायची तेही सांगतो.

आधी नियम. राउंड, म्हणजे १८ होलचा एक डाव, सुरू करताना बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब. कमी चालतात, जास्त नाही. हा नियम अमेरिकेत १९३८ ला आला आणि ब्रिटनमध्ये १९३९ ला, त्याच्या आधी मोठे खेळाडू वीसच्या वर क्लब घेऊन फिरायचे आणि बॅग वाहणारा कॅडी बिचारा वाकून वाकून चालायचा. एक ना धड भाराभर चिंध्या असा तो प्रकार. आता १४ ची मर्यादा असल्याने प्रत्येक क्लबला आपली जागा कमवावी लागते, आणि प्रोच्या बॅगेतली खरी गंमत इथेच आहे, तिथे कुठलाच क्लब "असू दे की" म्हणून नसतो.

साधारण कुठल्याही प्रोची बॅग उघडलीत तर एक ड्रायव्हर, एक ३ वूड, मग ५ किंवा ७ वूड नाहीतर हायब्रिड (वूड आणि आयर्नच्या मधला) नाहीतर लांब पल्ल्याचं ड्रायव्हिंग आयर्न यातलं एखाद-दुसरं, मग ४ किंवा ५ पासून ९ पर्यंत आयर्न (मधल्या अंतराचे क्लब, आकडा वाढेल तसं अंतर कमी), मग पिचिंग वेज धरून चार वेज, आणि एक पटर. झाले १४. यातले अकरा-बारा क्लब वर्षभर तेच राहतात, बाकीचे दोन-तीन दर आठवड्याला कोर्स बघून बदलतात. ते बदलते दोन-तीन कसे निवडतात हे कळलं की निम्मं काम झालं.

आता खालून सुरुवात. पटर.

एका राउंडमध्ये ड्रायव्हर फार तर चौदा वेळा निघतो, पटर तीसेक वेळा. टायगर वूड्सने १९९९ मध्ये जो पटर घेतला त्याच पटरने त्याच्या १५ मेजरपैकी (मेजर म्हणजे सगळ्यात मोठ्या चार स्पर्धा) १४ जिंकल्या, बाकी सगळी बॅग त्या काळात कितीदा बदलली असेल. त्यामुळे पटर निवडताना फॅशन बघू नका. तुमचा पटिंग स्ट्रोक कमानीसारखा आत-बाहेर जातो का बऱ्यापैकी सरळ मागे-पुढे, एवढं कोणाला तरी मागून मोबाईलवर शूट करायला सांगा. कमान जास्त असेल तर टोकाकडे वजन असलेला ब्लेड बरा पडतो, सरळ स्ट्रोकवाल्यांना मोठ्या डोक्याचा, तोल मधोमध असलेला मॅलेट. लांबी अशी की वाकून उभं राहिल्यावर डोळे बॉलच्या वर किंवा किंचित आत यावेत आणि हात खांद्याखाली सैल लोंबावेत. आणि लांब पटर पोटाला किंवा छातीला टेकवून मारणं २०१६ पासून बंद आहे. लांब पटर वापरा, खुशाल वापरा, फक्त टेकवू नका.

वेज. इथे जरा वेळ घालवू, कारण बहुतेकांच्या बॅगेतलं सगळ्यात मोठं भोक इथेच असतं आणि त्यांना ते माहीतच नसतं.

होतं काय, आजकालच्या सेटमधल्या आयर्नचे लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा तिरकेपणा, कंपन्यांनी हळूहळू कमी करत आणलेत, म्हणजे लॉफ्ट कमी केला की बॉल लांब जातो आणि गिऱ्हाईक खूश. त्यामुळे सेटमधली पिचिंग वेज ४४ अंशांची असते, कधी ४३ चीही. तुम्ही वेगळी घेतलेली सँड वेज मात्र जुन्या हिशोबाने ५६ ची. मधे १२ अंशांचा खड्डा, म्हणजे साधारण २५ ते ३० यार्डांचा. आता त्या मधल्या अंतरावर बॉल पडला, आणि तो तिथेच पडतो, की तुम्ही एकतर पिचिंग वेज चोरून मारता नाहीतर सँड वेज जीव खाऊन मारता, दोन्हीत वाट लागते. प्रोच्या बॅगेत ४६, ५०, ५५ किंवा ५६, आणि ६० असं काहीतरी दिसतं, चार ते सहा अंशांच्या पायऱ्या. म्हणून पहिलं काम, आपल्या पिचिंग वेजचा लॉफ्ट किती ते कंपनीच्या साइटवर शोधा आणि तिथून पायऱ्या मोजत खाली या. ४४ असेल तर ५० आणि ५६ घ्या, विषय संपला. ६० ची लॉब वेज सराव नसताना घेऊ नका, ती फुल स्विंगने मारायची वस्तूच नाही, अर्ध्या वेळा ती बॉलच्या खालून सरकते आणि बॉल पुढे जाण्याऐवजी आभाळात जातो.

लॉफ्टइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे बाउन्स. वेज उलटी करून तळ बघा, पुढची धार आणि तळाचा सगळ्यात खालचा भाग यांच्यात एक कोन असतो, पुढची धार जमिनीपासून थोडी वर राहते. हाच बाउन्स. १० अंशांच्या वर असेल तर क्लब मऊ वाळूत किंवा ओल्या गवतात रुतत नाही, सरकतो. ४ ते ६ असेल तर कडक जमिनीवर, बारीक कापलेल्या गवतावर धार बॉलच्या खाली जाते. जीन सॅरझेनने सँड वेज अशी घडवली आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन तिच्यासकट जिंकली, त्याची सगळी युक्ती हीच होती, क्लबच्या तळाला धातू वाढवून त्याला वाळूत खोदण्याऐवजी सरकायला लावायचं. प्रो मंडळी स्पर्धेच्या आधी बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) उतरून वाळू किती मऊ ते पायाने बघतात आणि त्यावरून लॉब वेज बदलतात, लॉफ्ट तोच पण बाउन्स वेगळा. आपल्याला एवढं शक्य नाही, पण सँड वेज जास्त बाउन्सची आणि दुसरी एखादी कमी बाउन्सची ठेवली तर दोन्ही प्रसंग निभावतात. आणि हो, वेजच्या खाचा झिजतात. बंकरमधल्या सरावाने तर फार लवकर. टूरवरचे, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत खेळणारे, लोक लॉब वेज वर्षात कितीतरी वेळा बदलतात, आपण निदान खाचांवरून नख फिरवून बघावं, नख अडकत नसेल तर बॉल ग्रीनवर (होलभोवतालच्या बारीक गवतावर) थांबत का नाही याचं उत्तर मिळालं.

आता मोजणी. ही पायरी सगळे गाळतात. एका दिवशी वारा नसताना सरावाच्या रेंजवर किंवा लाँच मॉनिटर (फटक्याचं अंतर मोजणारं यंत्र) असेल तिथे जा, शक्यतो तुम्ही खेळता तेच बॉल घेऊन, कारण रेंजचे बॉल कमी-जास्त उडतात. प्रत्येक क्लबने दहा-बारा बॉल मारा. सगळ्यात वाईट दोन सोडा आणि, इथे मन घट्ट करा, सगळ्यात भारी गेलेला एक पण सोडा. उरलेल्यांची सरासरी काढा, तीही कॅरीची, म्हणजे बॉल हवेतून जिथे पहिल्यांदा टेकला तिथपर्यंतची, पुढे घरंगळला ते नाही. बंकर आणि पाणी ओलांडायचं असतं ते हवेतूनच. हे आकडे एका कागदावर वरून खाली लिहा आणि शेजारच्या क्लबमधला फरक बघा. १० ते १५ यार्डांचा फरक सगळीकडे आला तर उत्तम. कुठे २५ आला तर तिथे भोक आहे, आणि कुठे ४ आला तर त्यातला एक क्लब फुकट ओझं आहे, तो काढा आणि त्याची जागा भोकाला द्या. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझं ४ आयर्न आणि ५ आयर्न बरोबर सारख्याच अंतरावर पडत होतं, इतकी वर्षं मी ते ४ आयर्न नुसतं मिरवत होतो. वेजसाठी अजून एक करा, प्रत्येक वेज हात कमरेपर्यंत नेऊन, छातीपर्यंत नेऊन आणि पूर्ण, अशी तीन प्रकारे मोजा. चार वेजचे बारा आकडे होतात, प्रोच्या कॅडीच्या वहीत हे लिहिलेले असतात आणि ग्रीनच्या जवळ ते लोक जी जादू करतात असं आपल्याला वाटतं त्यातली बरीचशी जादू म्हणजे हे बारा आकडे.

आयर्नमध्ये प्रोकडून शिकण्यासारखं एक आहे, आणि नक्कल करू नये असं एक आहे. शिकायचं ते मिश्रण. टूरवर पुष्कळ जण ७ पासून ९ पर्यंतची आयर्न पातळ ब्लेड वापरतात पण ४ आणि ५ मात्र मागून पोकळ, थोडी जाडसर, माफ करणारी वापरतात. सगळा सेट एकाच घराण्यातला पाहिजे असा काही कायदा नाही. नक्कल करू नये ती शाफ्टची, म्हणजे क्लबच्या दांड्याची. त्यांच्या ड्रायव्हरचा स्विंग स्पीड ताशी ११३-११५ मैलांच्या आसपास असतो, त्याला कडक एक्स्ट्रा स्टिफ शाफ्ट आणि आयर्नमध्ये १२०-१३० ग्रॅमचं स्टील शोभतं. आपला स्पीड ९० च्या आसपास आणि शाफ्ट त्यांचा, म्हणजे नाकापेक्षा मोती जड, बॉल खाली आणि उजवीकडे. मात्र वजनाची उतरंड तेवढी घ्या, ड्रायव्हरचा शाफ्ट सगळ्यात हलका, मग वूडचा थोडा जड, हायब्रिडचा त्याहून, आयर्न सगळ्यात जड. ही उतरंड कुठे उलटी झाली की तो एक क्लब हातात नेहमी परका वाटतो आणि का ते कळत नाही.

लाय अँगलही बघून घ्या. क्लब जमिनीवर टेकल्यावर त्याच्या डोक्याची टाच (दांड्याकडची बाजू) वर राहते का टोक, एवढाच प्रश्न. टोक वर राहिलं तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल डावीकडे ओढला जातो. फोर्ज्ड (ठोकून घडवलेली) आयर्न तर नुसत्या सरावाने थोडी थोडी वाकतात, म्हणून प्रो लोक लॉफ्ट आणि लाय सारखे तपासून घेतात.

ब्रायसन डीशॅम्बो सगळी आयर्न एकाच लांबीची वापरतो, साडेसदतीस इंच, म्हणजे प्रत्येक शॉटला उभं राहणं आणि स्विंग तोच. त्याला जमतं. बाकी टूरवर तशी आयर्न फारशी कोणी वापरत नाही यावरून काय ते समजा.

आता वरची बाजू. आत्तापर्यंत पटर, वेज आणि आयर्न मिळून दहा झाले असतील, उरलेल्या जागांत ड्रायव्हर आणि मधलं काहीतरी. ड्रायव्हरच्या डोक्याचं आकारमान ४६० सीसीच्या वर नको हा नियम, आणि लांबी ४८ इंचांपर्यंत चालते पण २०२२ पासून मोठ्या टूरवर ती ४६ वर आणलीय. प्रत्यक्षात बरेच प्रो ४५ च्या आसपासच राहतात, लांब ड्रायव्हरने बॉल मधोमध लागत नाही हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. हल्लीच्या ड्रायव्हरला पाना लावून लॉफ्ट बदलता येतो, हा पाना बॅगेत असू दे पण राउंड चालू असताना वापरायचा नाही, राउंडमध्ये क्लबचा गुण मुद्दाम बदलून त्याने बॉल मारला की स्पर्धेतून बाद.

ड्रायव्हरच्या खाली काय ठेवायचं हे कोर्सवर. ग्रीन कडक आणि वारा भरपूर असेल तर बॉल जमिनीलगत नेणारं ड्रायव्हिंग आयर्न, ग्रीन मऊ आणि बॉल उंचावरून उतरवायचा असेल तर ७ वूड. फिल मिकलसनचं उदाहरण मला फार आवडतं. २००६ ची मास्टर्स त्याने बॅगेत दोन ड्रायव्हर ठेवून जिंकली, एक डावीकडून उजवीकडे वळवायला आणि एक उलट. आणि २०१३ ची ब्रिटिश ओपन म्युरफिल्डला त्याने जिंकली ती ड्रायव्हर बॅगेत न ठेवता, एका तगड्या ३ वूडवर. एकच माणूस. म्हणजे ड्रायव्हर पण पवित्र नाही, उद्याचा कोर्स काय मागतोय ते आधी. आपल्यासाठी सोपा नियम असा, ३ वूड जमिनीवरून दहापैकी सहा वेळा नीट उचलता येत नसेल तर त्याच्या जागी ५ वूड घ्या, अंतर थोडंसंच कमी जातं आणि डोक्याला ताप नाही.

क्लब झाले, आता खिसे.

बॉल. नियमाने व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको. टूरवर बहुधा अजून एक अट असते, सुरुवात ज्या कंपनीच्या ज्या मॉडेलच्या बॉलने केली त्यानेच अख्खा राउंड संपवायचा, मधेच दुसरा चालत नाही. त्यामुळे मोजून घ्यावे लागतात. २००० च्या यूएस ओपनला पेबल बीचवर टायगरने आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत पटिंगच्या सरावाला बॅगेतले बॉल काढले आणि तिथेच विसरला. शनिवारी सकाळी उरलेला दुसरा राउंड पुरा करताना १८ व्या टीवरून (होल सुरू करायच्या जागेवरून) बॉल सरळ समुद्रात, आणि कॅडी स्टीव्ह विल्यम्सला कळलं की बॅगेत आता एकच बॉल उरलाय. तो म्हणत होता आयर्न घे, हे महाशय ड्रायव्हर घेऊनच उभे, आणि तो बॉल फेअरवेत (मधल्या नीट कापलेल्या पट्ट्यात) गेला म्हणून ठीक. ती स्पर्धा तो पुढे १५ स्ट्रोकने (फटक्यांनी) जिंकला, पण कॅडीचा त्या पाच मिनिटांत काय जीव झाला असेल. तर नऊ ते बारा बॉल ठेवा, सगळे एकाच मॉडेलचे, आणि प्रत्येकावर मार्करने आपली खूण करा, रफमध्ये (वाढलेल्या गवतात) दोन सारखे बॉल सापडले की तीच खूण वाचवते.

ग्लव्ह चार तरी. पातळ चामड्याचा ग्लव्ह घामाने भिजला की वाळून पापडासारखा कडक होतो, म्हणून प्रो दोन-तीन आलटून-पालटून घालतात, काढलेला सपाट करून झिपच्या पिशवीत. चुरगळून मागच्या खिशात कोंबायचा नाही. पावसाचे ग्लव्ह्ज वेगळे असतात, दोन्ही हातांचे, आणि ते ओले झाल्यावरच खरे पकडतात. टॉवेल दोन, एक अर्धा ओला करून क्लब पुसायला आणि एक कोरडा, तो बॅगेच्या आत, बाहेर नाही. बॉल ठेवायच्या टी (खुंट्या) मूठभर, बॉल मार्कर, पिच मार्क (बॉल पडून ग्रीनवर झालेला खळगा) दुरुस्त करायचं काटेरी हत्यार, खाचा साफ करायचा ब्रश, पेन्सिल, मार्कर पेन, बँडएड आणि चिकटपट्टी, सनस्क्रीन, पाणी, खायला काहीतरी सुकं. छत्री आणि रेनकोटचा जोड, आभाळ कितीही निळं असलं तरी. छत्रीचं एक ध्यानात ठेवा, बॉल मारताना ती कॅडीने तुमच्या डोक्यावर धरलेली चालत नाही.

थंडीत हात शेकायच्या गरम पुड्या ठेवता येतात, पण त्या बॉलच्या खिशात नकोत. मुद्दाम गरम केलेला बॉल खेळणं नियमात बसत नाही, गरम बॉल जास्त जातो म्हणून.

अंतर मोजायचा लेझर २०१९ पासून नियमाने चालतो, स्पर्धेने वेगळं सांगितलं नसेल तर, फक्त चढ-उतार धरून अंतर सांगणारा मोड बंद पाहिजे. मोठ्या टूरवर तो अजूनही सगळीकडे चालत नाही, म्हणून प्रोच्या बॅगेत यार्डेज बुक असतंच, कुठल्या स्प्रिंकलरपासून ग्रीनची पुढची कड किती, कुठे उतार, कुठे चुकलं तरी चालेल. आपणही आपल्या नेहमीच्या कोर्सची अशी एक छोटी वही करावी, तीन-चार राउंडमध्ये तयार होते, आणि लेझर जे सांगत नाही ते ती सांगते, म्हणजे डावीकडे चुकलं तर मेलो, उजवीकडे चुकलं तर चालतंय.

सरावाची अवजारं मात्र राउंडमध्ये हात लावायची नाहीत. दिशा बघायच्या कांड्या, क्लबला अडकवायचं वजनाचं कडं वगैरे. २०१० मध्ये ज्युली इंकस्टर एका टीवर बराच वेळ खोळंबली म्हणून अंग मोकळं ठेवायला तिने असं वजनाचं कडं लावून क्लब फिरवला, आणि थेट स्पर्धेतून बाद. आता नियम सैल झालाय, पहिल्या चुकीला दोन स्ट्रोकचा दंड असतो, पण दोन स्ट्रोक तरी फुकट कशाला घालवा.

आणि सगळ्यात शेवटी, बॅग उचलायच्या आधी, क्लब मोजा. हसू नका. २००१ च्या ब्रिटिश ओपनला शेवटच्या दिवशी इयान वूसनम लिथमला पहिल्या होलवर जवळजवळ एका फटक्यात बॉल घालता घालता राहिला, बर्डी (ठरल्यापेक्षा एक फटका कमी) झाली, आणि दुसऱ्या टीवर कॅडीने सांगितलं की बॅगेत दोन ड्रायव्हर आहेत, एकूण १५. सरावाला दोन्ही मारून बघितले होते, एक काढायचा राहिला. पहिला होल पार ३, म्हणजे तीन फटक्यांचा छोटा, होता त्यामुळे ड्रायव्हरकडे कोणी बघितलंच नाही. दोन स्ट्रोक गेले, तो ड्रायव्हर त्याने भिरकावला, आणि शेवटी तिसऱ्या नंबरवर बरोबरीत राहिला. २०२४ ला जोएल डॅमनच्या बॅगेत दोन ४ आयर्न निघाली, त्याला चार स्ट्रोक बसले. ज्या होलवर जास्तीचा क्लब बॅगेत होता त्या प्रत्येक होलला दोन, पण राउंडमध्ये जास्तीत जास्त चार, असा हिशोब.

माझ्या बॅगेत एका स्पर्धेच्या दिवशी भाच्याचा छोटा पटर निघाला, एवढासा, लाल ग्रिपचा, माझ्या छत्रीच्या आड दडलेला. वापरला नव्हता, वापरणार तरी कसा, गुडघ्यापर्यंत येतो तो. पण क्लब तो क्लब, आणि सापडला पाचव्या होलवर, चार स्ट्रोक. असा जास्तीचा क्लब सापडला की लगेच सोबतच्या खेळाडूला सांगायचं, हा बाद, आणि बॅगेत उलटा घालून ठेवायचा. गप्प राहिलात तर मग स्पर्धेतूनच बाद. तेव्हापासून मी एक करतो, बॅगेच्या वरच्या प्रत्येक कप्प्याला ठरलेले क्लब, मागच्या कप्प्यात ड्रायव्हर आणि वूड, मधल्या दोन ओळींत आयर्न, पुढे वेज आणि पटर, आणि मोजताना हेडकव्हर एकेक काढून मोजतो, कारण हेडकव्हर मोजले तर त्याच्या आत काय आहे ते कळत नाही. आदल्या रात्री एकदा, आणि पहिल्या टीवर जायच्या आधी, सराव झाल्यावर, पुन्हा एकदा.